इंटरनेट चालतं, शेजारच्या खोलीतला कम्प्युटर मात्र दिसत नाही

घरातल्या कम्प्युटरवर साता समुद्रापलीकडची वेबसाइट क्षणात उघडते, पण शेजारच्या खोलीतल्या कम्प्युटरवरचं फोल्डर काही केल्या उघडत नाही. कधी त्याहून विचित्र प्रकार होतो: लॅपटॉपवरून डेस्कटॉप दिसतो, डेस्कटॉपवरून लॅपटॉप दिसत नाही. वायफायचा सिग्नल पूर्ण, पासवर्ड बरोबर, कालपर्यंत सगळं सुरळीत. राउटर बंद-चालू करून होतो आणि शेवटी कोणीतरी जाणकार सांगतो, "फायरवॉल बंद करून टाक." फायरवॉल म्हणजे कम्प्युटरमध्ये येणारी-जाणारी माहिती तपासून नको ती अडवणारी व्यवस्था. ती बंद केल्यावर अनेकदा काम होतंही. मग ती तशीच बंद राहते. हा सल्ला मला धोक्याचा वाटतो, आणि तो का धोक्याचा आहे हे कळायला ही अडवणूक नेमकी कशी होते ते पाहायला हवं.

आधी तो एकतर्फी प्रकार घेऊ. बोलण्याची सुरुवात कोणी केली, याकडे फायरवॉलचं बारीक लक्ष असतं. तुमच्या कम्प्युटरने बाहेर काही मागितलं, तर ती मागणी जाऊ दिली जाते आणि एका तक्त्यात नोंद होते: कुठल्या पत्त्याला, कुठल्या पोर्टवर (म्हणजे यंत्राच्या कुठल्या क्रमांकाच्या दारावर), कुठल्या प्रोटोकॉलने (म्हणजे संवादाच्या कुठल्या पद्धतीने). या नोंदीशी जुळणारं उत्तर आलं की आत घेतलं जातं. पोस्टाच्या जोडकार्डाचा व्यवहार असाच असे. आपणच पाठवलेला कोरा अर्धा भाग उत्तर लिहून परत येई. नोंद नसलेलं काही दारात आलं आणि त्याला आत घेण्याचा नियमही नसला, तर ते टाकून दिलं जातं. वेबसाइट उघडते, कारण मागणी तुमची असते. डेस्कटॉपवर शेअरिंगला परवानगी असेल, तर लॅपटॉपला तिथली फाइल मिळते. पण डेस्कटॉप उलट दिशेने काही मागायला गेला की लॅपटॉपच्या लेखी तो न बोलावता आलेला असतो. दोन यंत्रांवरचे नियम वेगळे असले, की दृष्टी एकतर्फी होते.

प्रिंटरची गंमत आणखी वेगळी आहे. यादीत प्रिंटर शोधताना कम्प्युटर कोणा एकाला विचारत नाही, सगळ्या नेटवर्कला हाक मारतो. त्यासाठी २२४.०.०.२५१ किंवा २३९.२५५.२५५.२५० असे खास सामूहिक पत्ते ठरलेले आहेत. हाक जाते सामूहिक पत्त्याला आणि उत्तर येऊ शकतं प्रिंटरच्या स्वतःच्या पत्त्यावरून. तक्त्यातली नोंद आणि आलेलं उत्तर यांचा साधा मेळ बसत नाही, म्हणून अशा उत्तरांसाठी फायरवॉलमध्ये वेगळी सवलत ठेवावी लागते. ती सवलत बंद असेल, तर यादीत प्रिंटर दिसत नाही. पण त्याचा पत्ता हाताने लिहून जोडला, तर छपाई होऊ शकते.

मग घरातल्या घरात इतका संशय कशाला? याचं उत्तर २००३ आणि २००४ या दोन वर्षांत आहे. विंडोज एक्सपी २००१ साली आली तेव्हा तिच्यात फायरवॉल होती, पण ती मुळातून चालू नसे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, पसरला. १३५ क्रमांकाच्या पोर्टवरून तो शिरे, आणि त्यासाठी कोणाला कुठेही क्लिक करावं लागत नसे. यंत्र नेटवर्कला जोडलेलं असणं पुरेसं होतं. ज्या उणिवेतून तो शिरे तिची दुरुस्ती आदल्याच महिन्यात उपलब्ध झाली होती, पण असंख्य लोकांनी ती बसवलेली नव्हती. २००४ च्या एप्रिलअखेर ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून सॅसर हा दुसरा वर्म आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आणला आणि फायरवॉल मुळातूनच चालू ठेवली. घरगुती नेटवर्कवरच्या अडवणुकीच्या तक्रारी घरोघरी पोचल्या त्या इथून पुढे.

या ४४५ क्रमांकाकडे नीट पाहा. विंडोजमध्ये फोल्डर शेअर करायचं तर याच पोर्टवरून. सॅसर याच पोर्टवरून आला. मे २०१७ मध्ये जगभर फाइली कुलूपबंद करणारा वॉनाक्राय याच पोर्टवरून एका यंत्रातून दुसऱ्यात गेला. त्यानंतर साधारण दीड महिन्याने, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या या घातक प्रोग्रामचा हल्ला झाला. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली आणि तडाखा आपल्या न्हावा शेवापर्यंत पोचला. तिथल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. नॉटपेट्याने बाहेरची भिंत फोडली नव्हती. एक यंत्र विश्वासातल्या वाटेने बाधित झालं आणि पुढचा प्रवास आतल्या आत, शेजारच्या यंत्राकडून शेजारच्या यंत्राकडे झाला. तुमच्या मुलीला जे फोल्डर उघडायचं आहे आणि वर्मला जिथून शिरायचं आहे, त्या दोघांची मागणी एकाच पोर्टवर येते. पाहुण्याचा बाधित लॅपटॉप वायफायला जोडला गेला की तोही शेजारीच असतो. राउटर बाहेरच्यांना थोपवेल. आतल्यांपासून वाचवायला प्रत्येक यंत्रावरची फायरवॉलच लागते.

म्हणून विंडोजने प्रत्येक नेटवर्कला एक दर्जा द्यायची पद्धत आणली. घरचं नेटवर्क 'प्रायव्हेट', विमानतळावरचं किंवा हॉटेलातलं 'पब्लिक'. प्रायव्हेटवर शेअरिंगला मोकळीक देता येते, पब्लिकवर ती जवळजवळ नसते. आता प्रश्न असा, की हे घरच आहे हे यंत्राला कळतं कसं? वायफायचं नाव पुरेसं नाही, ते कोणीही ठेवू शकतं. म्हणून राउटरच्या नेटवर्क कार्डाचा, कारखान्यातून मिळालेला ओळखक्रमांक, म्हणजे मॅक पत्ता, लक्षात ठेवला जातो. फायबरवाल्याने येऊन जुना डबा काढून नवा बसवला, की नाव आणि पासवर्ड तेच ठेवले तरी मॅक पत्ता बदलतो. यंत्राला वाटतं, आपण परक्या ठिकाणी आलो. विंडोज ११ तर नवं नेटवर्क सहसा पब्लिकच धरते. "राउटर बदलल्यापासून प्रिंटर बंद आहे" या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं. अशा वेळी सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्कचा दर्जा प्रायव्हेट करावा. फायरवॉलला हात लावण्याची गरज पडत नाही.

बाहेरून घेतलेलं अँटिव्हायरस पॅकेज असेल, तर भानगड वाढते. अशा पॅकेजांमध्ये बहुधा स्वतःची फायरवॉल असते. ती बसली की विंडोजची फायरवॉल बाजूला होते. विंडोजमध्ये कितीही परवानग्या दिल्या तरी निर्णय घेणारी ती राहिलेली नसते. नेटवर्क विश्वासाचं आहे हे त्या पॅकेजच्याच सेटिंग्जमध्ये सांगावं लागतं. पॅकेज काढून टाकल्यावरही त्याचे गाळणी लावणारे ड्रायव्हर कधी मागे राहतात. ते काढायला बऱ्याच कंपन्या वेगळं साधन देतात.

अडवणूक ओळखायला अवघड जाते, कारण फायरवॉल गप्प राहते. एखादं पोर्ट नुसतंच बंद असेल, तर यंत्र तसं लगेच कळवतं आणि मागणारा थांबतो. फायरवॉल बहुतेकदा काहीच कळवत नाही. मागणारा पुन्हा विचारतो, दर वेळी आधीपेक्षा जास्त वाट पाहतो, आणि पडद्यावर चाक फिरत राहतं. हा मुका नकार मुद्दाम असतो. उत्तर दिलं तर इथे यंत्र आहे हे शोधणाऱ्याला कळतं.

तरी या मौनातूनही माहिती काढता येते. डिसेंबर १९८३ मध्ये माइक मूस या अमेरिकी प्रोग्रामरने लिहिलेला पिंग हा छोटा प्रोग्राम इथे कामी येतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग' आणि पुढे समोरच्या यंत्राचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, लिहायचा. उत्तर आलं नाही म्हणजे ते यंत्र बंद आहे, असं समजू नका. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आणि 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' या दोन निरोपांत मोठा फरक आहे. पिंग पाठवण्याआधी तुमचं यंत्र एआरपी नावाच्या पद्धतीने विचारतं, की हा आयपी पत्ता कोणाकडे आहे, मॅक पत्ता सांगा. ही विचारपूस आयपीच्या खालच्या पातळीवर होते आणि तिला साधारणपणे फायरवॉल आड येत नाही. म्हणून मॅक पत्ता मिळाला पण पिंगला उत्तर नाही, तर 'टाइम्ड आउट' येतं: यंत्र जागं आहे, बहुधा त्याची फायरवॉल गप्प आहे. दोन्ही यंत्रांचे पत्ते एकाच मालिकेतले असूनही 'अनरीचेबल' आलं, तर विचारपूसच पोचलेली नाही. यंत्र बंद असेल, नाहीतर वायफायने जोडलेल्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवलं जात असेल. गेस्ट वायफायवर हे मुद्दाम केलेलं असतं.

पत्ते निरनिराळ्या मालिकेतले निघाले, तर कारण वेगळं. आपल्याकडे फायबरवाल्याचा डबा दिवाणखान्यात आणि आतल्या खोलीत रेंज मिळावी म्हणून घेतलेला दुसरा राउटर, अशी मांडणी खूप घरांत आहे. एक यंत्र १९२.१६८.१.५ वर आणि दुसरं १९२.१६८.०.७ वर असेल, तर ती वेगवेगळ्या नेटवर्कांत आहेत. फायरवॉलचे शेअरिंगचे नियमही सहसा आपल्याच मालिकेतल्या यंत्रांपुरते असतात. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच नेटवर्क पुढे नेणारा म्हणून, चालवला, की सगळी यंत्रं एका मालिकेत येतात.

आणखी एका बाबतीत फायरवॉलवर नाहक आळ येतो. राउटरला पेन ड्राइव्ह लावून केलेलं शेअरिंग किंवा जुना नेटवर्क हार्ड डिस्कचा डबा नव्या लॅपटॉपवर उघडत नाही. असे काही डबे एसएमबी १ ही फाइल देण्याघेण्याची फार जुनी पद्धत वापरतात, आणि २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या मांडणीत ती बसवलेलीच नसते. वॉनाक्राय ज्या उणिवेतून शिरला, ती याच पद्धतीच्या हाताळणीत होती. जुन्या डब्यासाठी ती पुन्हा चालू करू नये. आधी डब्याच्या कंपनीने नवं फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) दिलं आहे का ते पाहावं. नसेल, तर ती डिस्क यूएसबीने एका कम्प्युटरला जोडावी आणि त्याच्यावरून शेअर करावी.