हॉलमध्ये ऊन किती येतं, ते आधी सांग

मावशीचा फोन आला, "अरे, ५५ घेऊ का ६५? काका म्हणतायत ओएलईडीच घ्यायचा, दुकानवाला म्हणतोय क्यूएलईडी घ्या, तू काय ते एकदाचं सांगून टाक." मी विचारलं, तुझ्या हॉलची बाल्कनी कुठल्या दिशेला आहे गं? ती म्हणाली पश्चिमेला, पण त्याचा टीव्हीशी काय संबंध? संबंध भरपूर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत हाच विषय चाललाय आणि प्रत्येकजण दुकानात जाऊन जो जास्त चमकतोय तो घेऊन येतोय, म्हणून मावशीला जे जे सांगितलं ते सगळं इथे लिहून काढतोय.

आधी साइज. इंचातलं माप रुंदीचं नसतं, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं असतं. ५५ इंची टीव्ही साधारण १२२ सेमी रुंद आणि ६८ सेमी उंच भरतो, ६५ इंची १४४ बाय ८१. दहाच इंच वाढले असं वाटतं पण स्क्रीनचं क्षेत्रफळ तब्बल ४० टक्क्यांनी वाढतं. किती मोठा घ्यायचा याचा सोपा हिशोब म्हणजे टीव्हीच्या इंचांना १.६ ने गुणायचं, तेवढ्या इंचांवर बसलात तर स्क्रीन नजरेचा साधारण ३० अंशांचा कोन व्यापते आणि सिनेमा बघताना बरं वाटतं. म्हणजे ५५ ला सव्वासात फूट, ६५ ला पावणेनऊ फूट. मावशीचा सोफा भिंतीपासून ९ फुटांवर, मी तिला टेपने मोजायलाच लावलं, अंदाजाने ती १२ फूट म्हणत होती.

आता याच अंतराचा पिक्सेलशी, म्हणजे ज्या बारीक ठिपक्यांनी चित्र बनतं त्यांच्याशी संबंध आहे. चांगल्या नजरेच्या माणसाला दोन ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात किमान एका अंशाचा साठावा भाग एवढं अंतर लागतं. ५५ इंची फुल एचडी टीव्हीचा एक पिक्सेल ०.६३ मिलिमीटरचा असतो, सात फुटांच्या मागे गेलं की शेजारशेजारचे पिक्सेल डोळ्यात मिसळून जातात. फोरके म्हणजे आडवे-उभे दोन्हीकडे दुप्पट पिक्सेल, त्यामुळे त्याचा पिक्सेल निम्मा, तो वेगळा दिसायला साडेतीन फुटांवर यावं लागेल. आणि एटके, म्हणजे त्याच्याही दुप्पट, तर पावणेदोन फुटांवर! एवढ्या जवळ बसून कोण टीव्ही बघतं? मोठ्या साइजमध्ये आता बहुतेक सगळे टीव्ही फोरकेच येतात त्यामुळे तो प्रश्न उरत नाही, पण एटकेसाठी जास्तीचे पैसे देऊ नका, तेच पैसे चांगल्या पॅनलला घाला.

पॅनल म्हणजे नक्की काय ते कळण्यासाठी घरी एक प्रयोग करून बघा. साधा कॅल्क्युलेटर घ्या आणि पोलराइज्ड गॉगल त्याच्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात आकडे नीट दिसतात आणि पाव फेरी फिरवली की सगळी पट्टी काळीकुट्ट होते. एलसीडी टीव्हीचा पडदाही यावरच चालतो. मागे सतत जळणारी लाइट, पुढे एक पोलरायझर, म्हणजे गॉगलसारखीच एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारी पट्टी, मग द्रवस्फटिकाचा पातळ थर, मग आडवा लावलेला दुसरा पोलरायझर. स्फटिक प्रकाशाला पीळ देतात तेव्हा तो दुसऱ्या पोलरायझरमधून बाहेर येतो, व्होल्टेज देऊन हा पीळ कमीजास्त करायचा, झाला दरवाजा. हे द्रवस्फटिक सापडले १८८८ मध्ये, फ्रीडरिश राइनित्झर नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला प्रागमध्ये. गाजरातून मिळवलेल्या एका पदार्थावर तो काम करत होता, तो पदार्थ १४५.५ अंशांना वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांना परत एकदा स्वच्छ झाला, म्हणजे एकाच पदार्थाला दोन वितळबिंदू! गाजरापासून सुरू झालेली ही गोष्ट आपल्या भिंतीपर्यंत आली याचं मला खरंच दर वेळी नवल वाटतं.

पण हा दरवाजा कधीच घट्ट लागत नाही, फटीतून थोडा प्रकाश येतोच. रात्री लाइट बंद करून सिनेमातला अंधाराचा सीन लावा, काळा रंग राखाडी दिसेल. दुकानात एवढ्या ट्यूब लावलेल्या असतात की तिथे हे कळतच नाही.

नावांचा घोळ इथेच सुरू होतो. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो एलसीडीच आहे, फक्त मागची लाइट बदलली. आधी मागे बारीक फ्लुरोसंट नळ्या असायच्या, आपल्या ट्यूबलाइटच्याच जातीच्या, त्यांच्या जागी एलईडी आल्या. क्यूएलईडी म्हणून जे विकलं जातं तेसुद्धा एलसीडीच, फक्त निळ्या एलईडीच्या पुढे क्वांटम डॉटचा थर असतो. हे कण काही नॅनोमीटरचे, आणि पदार्थ तोच असला तरी त्यांचा रंग आकारावर ठरतो, कण मोठा असला तर तो निळा प्रकाश गिळून लाल देतो, लहान असला तर हिरवा. रंग एकदम शुद्ध मिळतात. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कणांसाठी बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव यांना मिळालं, आणि निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना. म्हणजे एका टीव्हीच्या पाठीत दोन नोबेल आहेत. पण काळ्या रंगाची फट क्वांटम डॉटने बुजत नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही.

ती फट बुजवायचा उपाय म्हणजे मागची लाइटच तुकड्यातुकड्यांनी कमी करायची. स्क्रीनच्या मागे शेकडो, महागात हजारो झोन करतात, जिथे चित्र काळं तिथली लाइट मंद. मिनी-एलईडी म्हणतात ते हेच, बारीक एलईडी आणि भरपूर झोन. झोन कमी असले तर काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती धुरकट वलय दिसतं. म्हणून दुकानात फुलं-फळांचा व्हिडिओ बघत बसू नका, काळ्यावर पांढरी अक्षरं लावायला सांगा. माझ्याकडे आधी एक टीव्ही होता, खोक्यावर मोठ्ठं एचडीआर (म्हणजे उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारं चित्र) लिहिलेलं, पण ना झोन ना ब्राइटनेस, एचडीआरचा सिनेमा लावला की साध्यापेक्षाही अंधारा दिसायचा. त्या टीव्हीला एचडीआरचा सिग्नल वाचता यायचा, दाखवता येत नव्हता. ते सहा वर्षं सोसलं, म्हणून आता प्रत्येकाला सांगत सुटतो की एचडीआर हा शब्द वाचून थांबू नका, किती निट्स, म्हणजे पडदा किती उजेड देतो, आणि किती झोन ते विचारा.

ओएलईडीचं तंत्रच वेगळं. मागे लाइट नाही, प्रत्येक पिक्सेल स्वतःच पेटतो आणि विझतो. कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये सेंद्रिय पदार्थाच्या दोन पातळ थरांतून कमी व्होल्टेजवर चांगला प्रकाश काढून दाखवला, आणि २००७ मध्ये सोनीने पहिला ओएलईडी टीव्ही विकायला आणला, तो फक्त ११ इंचांचा होता. फोरकेमध्ये जवळजवळ ८३ लाख पिक्सेल, आणि काळा म्हणजे पिक्सेल बंदच. अंधाऱ्या खोलीत आकाशातल्या चांदण्या बघितल्या की मन भरून येतं, त्याला तोड नाही, हे मी मनापासून सांगतो. कडेला बसून बघितलं तरी रंग फारसे फिके पडत नाहीत.

मग मावशीला ओएलईडी का नको म्हणालो? पश्चिमेचं ऊन. समजा काचेवरून खोलीतला ५ निट्स प्रकाश परावर्तित होतोय. ओएलईडी पूर्ण पांढऱ्या चित्राला समजा २०० निट्स देतो, तर पांढरा झाला २०५ आणि त्याचा तो अप्रतिम शून्याचा काळा झाला ५, म्हणजे फरक फक्त ४१ पट. मिनी-एलईडी ६०० देत असेल तर ६०५ आणि ५ च्या जरासं वर, फरक जवळपास १२० पट. अनंत कॉन्ट्रास्ट कागदावर राहिला, दुपारी चारच्या उन्हात जास्त उजेडाचा टीव्ही जिंकला. त्यात काका सकाळपासून न्यूज चॅनल लावून बसतात, खाली लाल पट्टी, कोपऱ्यात लोगो, दिवसाला सात-आठ तास. सेंद्रिय पदार्थ वापराने झिजतो, सतत पेटलेले पिक्सेल जास्त झिजतात आणि त्या पट्टीची सावली कायमची राहू शकते. ओएलईडी टीव्ही यावर उपाय म्हणून रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये स्वतःची थोडी दुरुस्ती करत असतात, पण आपल्या घरात झोपताना बोर्डाचं बटण बंद करायची पद्धत, मग ती दुरुस्ती होणार कशी? कोणाकडे ओएलईडी असेल तर रात्री मेन बटण चालू ठेवा.

मिनी-एलईडीतही एक तिढा आहे. त्यात पॅनलचे दोन मुख्य प्रकार, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनलचा काळा चांगला, पण कडेने बघितलं की रंग धुऊन निघाल्यासारखे दिसतात, आयपीएस कडेने छान पण काळा राखाडी. मावशी डायनिंग टेबलाशी भाजी निवडत तिरकी बघते. मी म्हटलं टीव्हीची भिंतच बदलू. आधी बाल्कनीच्या बरोब्बर समोरची भिंत ठरली होती, म्हणजे दुपारभर आरशासारखी खिडकीच दिसणार, त्याऐवजी बाजूची भिंत घेतली, सोफा फिरवला, तिथेही ९ फूट मिळाले आणि डायनिंग टेबल बऱ्यापैकी समोर आलं. सुताराला बोलवावं लागलं पण काम झालं.

अजून एक मोठी गोष्ट, आणि खरं तर सगळ्यात जास्त फरक हिनेच पडला. मावशी डिशवर साधे एसडी, म्हणजे कमी पिक्सेलचे चॅनल बघायची. एसडीमध्ये ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत पिक्सेल, आणि फोरके स्क्रीनला हवेत ८३ लाख. एका खऱ्या पिक्सेलमागे १९ पिक्सेल टीव्हीने अंदाजाने भरायचे! कितीही महागडा प्रोसेसर असला तरी नसलेला चेहरा तो कुठून आणणार? ६५ इंचांवर मालिकेतली सासू मेण वितळल्यासारखी दिसेल. म्हणून आधी तिच्या पाच-सहा चॅनलचं एचडी पॅक घेतलं, बॉक्स बघितला तर तो एचडीचाच होता, फक्त पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी जोडलेला, म्हणजे इतकी वर्षं एचडी बॉक्समधून एसडीच येत होतं. एचडीएमआय केबल लावली आणि जुन्याच टीव्हीवर चित्र सुधारलं.

भाच्याचा हट्ट १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणाऱ्या पॅनलचा होता, तो मी मान्य केला. ६० हर्ट्झवर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी थांबतं पण आपला डोळा बॉलच्या मागे सरकत असतो, त्यामुळे बॉल फराटा ओढल्यासारखा दिसतो. १२० ला, गेममध्ये किंवा मधली चित्रं टीव्हीने भरली तर, हा फराटा निम्मा होतो. फक्त पॅनल खरोखर १२० चं आहे का ते बघा, मोशन रेट वगैरे जाहिरातीतले आकडे वेगळेच असतात. आवाजाबद्दल एवढंच की पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते, साउंडबारचे पैसे बाजूला ठेवा. आणि खोकं लिफ्टमध्ये बसतंय का ते मोजा, पॅनल उभंच न्यायचं, आडवं टाकून नेलं की तडकायची भीती.

शेवटी ६५ इंची मिनी-एलईडी आला. लावल्या लावल्या मी दुकानात लावतात तो झगझगीत मोड काढला आणि सिनेमाचा मोड लावला, दुकानातलं पांढरं निळसर असतं म्हणून ते चकचकीत वाटतं, स्टुडिओत मात्र ६५०० केल्विनच्या आसपासचं पांढरं धरून रंग ठरवलेले असतात. काका म्हणाले, "पिवळा दिसतोय रे, खराब आहे का?" म्हटलं काका, चार दिवस हात लावू नका. पाचव्या दिवशी मावशीचा फोन, म्हणाली काकांनी काल परत मोड बदलून बघितला आणि आता जुनाच निळा वाटतोय त्यांना, आणि पडदे कुठल्या कापडाचे शिवू ते सांग, चारनंतर अजून थोडं ऊन येतंय.