नोकरीची खबर जवळच्या मित्राकडून का येत नाही?

नोकरी शोधायला लागलो की पहिला फोन जातो जवळच्या मित्राला. पण तो ज्या ग्रुप्समध्ये असतो त्यातच आपणही असतो, त्याला जे कळतं ते आपल्याला आधीच कळलेलं असतं, मग तो बिचारा नवीन काय सांगणार! मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना गाठलं आणि ज्यांना ओळखीतून नोकरी लागली त्यांना विचारलं की ही बातमी देणारा माणूस तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारा असं म्हणणारे निघाले जेमतेम १७ टक्के, जवळपास ५६ टक्के म्हणाले अधूनमधून आणि उरलेले २८ टक्के चक्क क्वचितच. हा शोधनिबंध १९७३ चा.

२०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी युजर्सवरचा प्रयोग 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत छापून आला, त्यातही तेच दिसलं पण एक मेख आहे, अगदीच लांबची ओळखही फारशी कामी येत नाही, मधलीच बरी. म्हणजे जुन्या ऑफिसातला दुसऱ्या टीमचा माणूस किंवा कॉलेजचा सीनियर, नुसते कनेक्शन वाढवून उपयोग नाही.

आता त्याला लिहायचं काय? 'सर काही जॉब असेल तर बघा ना' म्हटलं की समोरचा 'नक्की' म्हणून मोकळा होतो. 'तुमच्या टीममध्ये टेस्टिंगला फ्रेशर घेताना आधी काय बघतात?' असं विचारलं तर त्याला उत्तर देता येतं, आणि बोलण्यातून जागा आहे की नाही तेही कळतं.

इंटरव्ह्यूचं म्हणाल तर गप्पा मारून माणूस ओळखतो म्हणणाऱ्यांवर माझा फार विश्वास नाही. सगळ्यांना तेच प्रश्न विचारून मार्क देणारे इंटरव्ह्यू पुढच्या कामाचा अंदाज जास्त बरोबर देतात, हे संशोधनात वारंवार दिसलंय. तिथे 'मी टीम प्लेयर आहे' ला मार्क कशाचे द्यायचे? सर्व्हर बंद पडला, मी आधी काय तपासलं, कोणाला उठवलं, किती वेळात चालू झाला, असे स्वतःचे चार-पाच किस्से तयार ठेवा.

आणि धडधड? हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधक ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत भाषणाआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी एक्सायटेड आहे' म्हणणारे जास्त चांगलं बोलले, कारण घाबरल्यावर आणि उत्साहात छाती सारखीच धडधडते, ती एकदम शांत करण्यापेक्षा तिला दुसरं नाव देणं सोपं जातं.