वर्ग कोणता? खानदेशातल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

सेतूच्या खिडकीआडून "वर्ग कोणता?" असा सवाल आला की समोरचा माणूस आधी हातातला कागद बघतो. शाळेचा दाखला असेल तर पोराची इयत्ता सांगायची, जातीचा असेल तर प्रवर्ग, सातबारा असेल तर भोगवटादार वर्ग 1 की वर्ग 2. शब्द एकच, पण उत्तर चुकलं तर पुन्हा रांगेत. त्यात 'क्लास' निराळाच. तो लावतात, त्याची फी भरतात, आणि तो सुटला की पोरं एसटी गाठायला पळतात.

संस्कृतात वर्ग म्हणजे सारख्यांचा गट. क-वर्ग, च-वर्ग आपण बाराखडीसोबत शिकतो ते त्यातलेच. गणितातल्या वर्गाला तर थेट खानदेशचा पत्ता आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला, निकुंभ राजांनी त्याला देणग्या दिल्या. 1207 चा शिलालेख तशी साक्ष देतो. 'लीलावती'तले वर्ग आणि वर्गमूळ त्या मठात घोकले गेले असणार. पण पहिलीचा वर्ग, दुसरीचा वर्ग ही भानगड तिथे नसावी.

पंतोजीच्या शाळेतही ती नव्हती. एकाच ओसरीवर कुणी धुळपाटीवर अक्षर गिरवी, कुणी मोडी वाची, कुणी पावकी-निमकी म्हणे. मुलांना वयाच्या मापाने बांधून वेगळ्या खोलीत बसवणं सरकारी शाळांबरोबर आलं आणि 1855 साली मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिल्यावर पक्कं झालं. 'इयत्ता' शब्दाचा मूळ अर्थही 'इतकेपणा', म्हणजे मापच. इंग्रजी 'क्लास'चा पूर्वज तर सरळ पैशाचा. लॅटिनमध्ये 'क्लासिस' ही मालमत्ता मोजून केलेली नागरिकांची वाटणी होती, लष्करासाठी. शाळेच्या खोलीत तो शब्द नंतर शिरला. आपला वर्ग सारखेपणातून आला, त्यांचा मोजमापातून. पुढे दोघांची गाठ पडली आणि मोजमाप जिंकलं.

खानदेशात माणसांच्या आधी मातीचे वर्ग पडले. 1818 मध्ये मुलूख कंपनीकडे गेला. मुंबई इलाख्याच्या पाहणी खात्याने 1847 च्या संयुक्त अहवालात प्रतबंदीची रीत ठरवून टाकली. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहायची आणि नऊ वर्ग पाडायचे. सगळ्यात वरची जमीन सोळा आणे, तिथून उतरत उतरत दोन आण्यांपर्यंत. चुनखडी, वाळू, उतार असा दोष दिसला की जमीन एकेक वर्ग खाली. (आपल्या 'सोळा आणे खरं'चा या सोळा आण्यांशी संबंध नाही, तो रुपयाचा हिशेब. पण शेतकऱ्याला दोन्ही एकच वाटले असतील तर नवल नाही.) काळी कुठली, बरड कुठली हे गावाला ठाऊक होतंच. पण ते आण्यांत लिहून त्यावर तीस वर्षांचा सारा ठरवायचा, आणि तोही परक्याने, हे नवं होतं. 1852 साली कॅप्टन विंगेट यांची मोजणी आली तेव्हा सावदा, यावल, फैजपूर, एरंडोल या भागात लोक उठले. लष्कर आणून उठाव मोडला गेला, मोजणी पुढे चालू राहिली. त्याच फैजपूरला 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, आणि नेहरूंच्या अध्यक्षतेखाली शेतसारा, कूळ आणि कर्ज यांवरचा कार्यक्रम मंजूर झाला. मला हा नुसता योगायोग वाटत नाही.

माणसांची प्रतबंदी त्यानंतरची. त्याआधी 1825 मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली तेव्हा सरकारच्या लेखी भिल्लांचे दोनच प्रकार होते, पलटणीतले आणि संशयातले. 1928 साली मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली, बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. 1930 च्या अहवालात तिने मागासांचे तीन गट पाडले: अस्पृश्य वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि इतर मागास. संविधानात 'मागास वर्ग' आले, 1990 मध्ये मंडल आलं, 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिमीलेयर बाजूला काढलं. कागदावर वर्ग लिहायचा आणि मनात जात वाचायची, ही आपली सवय या प्रवासात मुरली. नॉन-क्रिमीलेयरच्या आठ लाखांच्या उत्पन्नाच्या अटीने मात्र पैसा पुन्हा मधे आणला. एकाच जातीच्या दोन चुलतभावांपैकी एकाला दाखला मिळतो, दुसऱ्याला नाही.

शाळेचा वर्ग आणि समाजाचा वर्ग एकाच माणसाच्या आयुष्यात बघायचे तर अंमळनेरला जावं लागतं. साने गुरुजी 1924 पासून प्रताप हायस्कुलात वर्गावर शिकवत होते आणि वसतिगृहातल्या पोरांचं दुखलंखुपलं बघत होते. 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. तुरुंगातून सुटल्यावर याच पूर्व खानदेशात शेतकरी आणि गिरणी कामगारांमध्ये वावरले. फळ्यासमोरचा वर्ग सुटला आणि गिरणीच्या दारातला भेटला.

शहाद्याला 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या भिल्ल कार्यकर्त्यांसोबत बाहेरून आलेली शिकलेली डावी पोरं होती, त्यांच्या तोंडी 'वर्गसंघर्ष' होता. गावाकडे त्यासाठी आधीपासून शब्द होते: मालक आणि सालदार. आखाजी ते आखाजी, म्हणजे एका अक्षय्य तृतीयेपासून दुसरीपर्यंत, एका घरी राबायचं आणि उचल फिटली नाही तर पुढचं सालही तिथेच. लाटल्या गेलेल्या जमिनी परत मागताना आदिवासींना वर्ग ही कल्पना समजावून सांगावी लागली नसेल. पुढे 1974 मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. सरकारने वाटलेली जमीन मात्र सातबाऱ्यावर वर्ग 2 म्हणून येते. ती परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणून ती हातात टिकते, आणि म्हणूनच बाजारात तिला भाव नसतो.

नोकऱ्यांमधले वर्ग 1 ते 4 जाऊन गट अ ते ड आले, तरी लग्नाच्या बायोडाटात 'क्लास वन'च लिहितात. रेल्वेने 1974 साली तिसरा वर्ग बंद केला. भुसावळच्या फलाटावर रागावलेला माणूस अजून 'थर्ड क्लास' म्हणतोच.

अहिराणीत पोराबद्दल विचारताना वर्ग हा शब्द सहसा येत नाही. "कितवीमा शे?" एवढंच. उत्तर 'बारावी' आलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "क्लास लायेल शे का?"