टंकलेखन यंत्र : संगणकयुगातील स्थान

टंकलेखन यंत्र (टाइपरायटर) म्हणजे कळ दाबताच धातूचा खिळा शाईच्या फितीवर आपटून कागदावर थेट अक्षर उमटवणारे यंत्र. ख्रिस्तोफर लॅथम शोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अमेरिकेत 1868 मध्ये त्याचे एकस्व (पेटंट) मिळाले व पुढे रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले. सुमारे शंभर वर्षे कचेरीतील लेखनाचे ते मुख्य साधन होते. संगणकाने हे काम काढून घेतल्यानंतरही यंत्राविषयीची ओढ टिकून राहिली असून, महाराष्ट्रात तिला देवनागरी लेखनाचा एक वेगळा पदर आहे.

भारतात गोदरेज अँड बॉइस कंपनीने 1955 मध्ये मुंबईत टंकयंत्रे बनवण्यास सुरुवात केली आणि 2009 मध्ये हे उत्पादन थांबवले. त्यानंतर 2011 मध्ये ‘जगातील शेवटचा टंकयंत्र कारखाना बंद पडला’ अशी बातमी देशोदेशी पसरली. ती अचूक नव्हती. अमेरिकेतील स्विनटेक ही कंपनी तेव्हाही विजेवर चालणारी टंकयंत्रे विकत होती. त्यांपैकी कैद्यांसाठीच्या यंत्रांचे कवच आत काही लपवता येऊ नये म्हणून पारदर्शक ठेवलेले असे. 2013 मध्ये रशियाच्या सुरक्षा यंत्रणेतील एका विभागाने गोपनीय कागदांसाठी विजेवर चालणारी 20 टंकयंत्रे मागवल्याचेही वृत्त आले होते. संगणकांच्या जाळ्याला न जोडलेल्या यंत्रातून दुरून काही चोरता येत नाही, हे त्यामागचे साधे कारण.

परंतु यंत्राची ओढ अशा उपयोगांपुरती नाही. संगणकावर लिहिणे आणि छापणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, तर टंकयंत्रात त्या एकाच क्षणी घडतात. उमटलेले अक्षर मागे घेता येत नाही, म्हणून वाक्य आधी मनात जुळवावे लागते. ओळ संपत आल्याची घंटी वाजली की शब्द तोडायचा की पुढच्या ओळीवर न्यायचा, हे तिथल्या तिथे ठरवावे लागते. कार्बन कागद घालून एका वेळी तीन-चार प्रती काढायच्या तर बोटांचा जोर शेवटच्या प्रतीपर्यंत पोचला पाहिजे. खिळ्यांच्या झिजेमुळे प्रत्येक यंत्राचा ठसाही निराळा होतो आणि हस्ताक्षरतज्ज्ञ त्यावरून कागद कोणत्या यंत्रावर टंकित झाला हे सांगू शकतात. यंत्राचे हस्ताक्षर म्हणावे असा हा गुण छापील प्रतीत उरत नाही.

देवनागरीसाठी हे यंत्र घडवणे विशेष अवघड होते. एका कळीवर दोन चिन्हे धरली तरी एकूण चिन्हे शंभराच्या आतच बसतात. मराठीला मात्र स्वर, व्यंजने, काना-मात्रा आणि जोडाक्षरे मिळून त्याहून कितीतरी अधिक आकार लागतात. यावरचा तोडगा लिपीच्या घडणीतूनच निघाला. ख, घ, ण, ध, भ, श यांसारख्या अक्षरांचा उजवीकडचा दंड काढून टाकला की अर्धे अक्षर उरते. तेवढेच कळीवर ठेवले आणि पुढे कान्याची कळ दाबली की पूर्ण अक्षर तयार होते. म्हणजे एकच खिळा ‘ख्य’ मधल्या अर्ध्या ‘ख’ला चालतो आणि ‘खण’ मधल्या पूर्ण ‘ख’लाही. मात्रा, अनुस्वार, उकार यांच्या कळा दाबल्या तरी कॅरेज, म्हणजे कागद धरणारा सरकता भाग, पुढे सरकत नाही, त्यामुळे चिन्ह अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसते. ह्रस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे येत असल्याने ती आधी उमटवावी लागते. मराठी लिपीचा इतका बारकाईने केलेला यांत्रिक विचार क्वचितच आढळतो, आणि या यंत्राच्या इतिहासात त्याला मिळायला हवे तेवढे स्थान अद्याप मिळालेले नाही.

1964 च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमानंतर राज्यकारभारात मराठीचा वापर वाढत गेला आणि मराठी टंकलेखकांची गरजही वाढली. गावोगावच्या शासनमान्य टंकलेखन संस्थांत सकाळ-संध्याकाळ तासाच्या तुकड्या चालत. ‘मराठी तीस’, ‘इंग्रजी चाळीस’ ही दर मिनिटाच्या शब्दगतीवरून पडलेली परीक्षांची नावे अनेक कुटुंबांत नोकरीची पहिली पायरी म्हणून ओळखीची आहेत. लिपिक-टंकलेखक पदासाठी हीच गतिमर्यादा पुढेही लागू राहिली. परीक्षा मात्र संगणकावर गेली.

यंत्राची आवड कलेतही उतरली. मुंबईतील युनियन बँकेत टंकलेखक असलेले चंद्रकांत भिडे यांनी टंकयंत्रावरील चिन्हांमधून व्यक्तिचित्रे काढली. एका हाताने रूळ फिरवत कागद हवा तिथे आणायचा आणि दुसऱ्या हाताने फुली, तारका, रेघ असे एकेक चिन्ह उमटवायचे, अशी त्यांची रीत. निवृत्त होताना त्यांना त्यांचे यंत्र बँकेकडून एक रुपयात मिळाले.

आज सुट्या भागांसाठी मोडीत निघालेली यंत्रे उकलावी लागतात. कळफलकाची मांडणी मात्र यंत्राहून दीर्घायुषी ठरली आहे. युनिकोड या संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण संकेतपद्धतीत वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते. तरीही टंकयंत्राच्या रेमिंग्टन मांडणीवर तयार झालेला टंकलेखक संगणकावर ‘किती’ लिहिताना आधी वेलांटीची कळ दाबतो, मग ‘क’ची, आणि त्यांचा क्रम बदलण्याचे काम आज्ञावली करते.