उभ्या गाडीच्या ब्रेकला गंज चढतो तेव्हा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पावसाळा लागला की आमच्याकडे दोन प्रकारचे फोन वाढतात. पहिला, "चाकाच्या आतली डिस्क नारिंगी दिसून राहिली, बदलावी लागते का?" दुसरा, "भाऊ, गाडी सुरू होते, पण जागची हलूनच नाही राहिली." पहिल्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुसऱ्यात मात्र तुमचा अख्खा दिवस जातो, आणि बहुतेक वेळा तो वाचवता आला असता.

आधी नारिंगी डिस्कचं. डिस्क बिडाची असते आणि पॅड (ब्रेक दाबल्यावर डिस्कला चिमटीत धरणाऱ्या पट्ट्या) जिथे घासतात तिथे रंग टिकत नाही. ओला तवा तसाच ठेवला तर जसा गंजतो, तशी तीही एका रात्रीत गंजते. सकाळी पहिले चार-सहा ब्रेक लागले की पॅडच तो गंज खरवडून काढतात. तेवढ्यापुरती खरखर ऐकू येईल. एवढ्यासाठी आम्ही डिस्क बदलत नाही, दुसरीकडे कुणी सुचवली तरी बदलू नका. चालवूनही खड्डे पडल्यासारखे चट्टे राहिले किंवा ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरलं, तर मात्र गाडी दाखवा.

आता खरं दुखणं. मुलांकडे पुण्याला महिनाभर जायचं असतं. आदल्या संध्याकाळी गाडी स्वच्छ धुतली जाते, लगेच पोर्चमध्ये लावून हँडब्रेक कचकचून ओढला जातो आणि वर कव्हर चढतं. सगळं काळजीपोटीच. पण बहुतेक लहान गाड्यांत मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा गोल डबा असतो आणि हँडब्रेक तिथेच लागतो. आत धुण्याचं पाणी, लायनरचा भुगा, त्यात लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारा थर) ड्रमवर दाबून धरलेलं. महिनाभरात मधे गंज धरतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात.

परत आल्यावर लोक पहिला गिअर टाकून जोरात रेस देतात. कधी 'टक्' आवाज होऊन चाक सुटतं. कधी लायनर शूवरून (ज्या वाकड्या लोखंडी पट्टीवर ते चिकटवलेलं असतं तिच्यावरून) उखडतं आणि ड्रममध्ये अडकतं. मग नुसत्या साफसफाईत भागणारं काम नव्या शूवर जातं, क्लच घासला तो वेगळाच. गाडी हलत नसेल तर हँडब्रेक दोन-तीनदा ओढून सोडा, अगदी हळू एकदा मागे, एकदा पुढे घेऊन बघा. नाही सुटली तर थांबा आणि आम्हाला बोलवा. जागेवर चाक काढून ड्रम ठोकून सैल करता येतो.

धुतल्यावर गाडी लगेच लावू नका. हळूहळू ब्रेक दाबत एक चक्कर मारा, म्हणजे उष्णतेने आतलं पाणी उडून जातं. सपाट जागा असेल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर) ठेवा, चाकांना पुढून-मागून विटा किंवा लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. उतारावर मात्र हँडब्रेक सोडायचा नाही.

शेजाऱ्याला किल्ली देऊन "दहा मिनिटं चालू ठेवत जा" सांगणं पुरत नाही. इंजिन चालतं, ब्रेक तिथल्या तिथेच. नागपुरात मेट्रो आल्यापासून आमच्या बऱ्याच ग्राहकांची गाडी आठवडाभर दारातच असते. त्यांनी रविवारी वर्धा रोडला पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणावी, मोकळ्या जागी मागे बघून थोडे दमदार ब्रेक मारावेत.

आणि हात जोडून सांगतो, डिस्कवर तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारू नका. गंज निघेल, पण पॅड तेल पितात आणि ब्रेक लागेनासा होतो. तसे पॅड आम्ही धुऊन परत बसवत नाही, बदलतोच.

"नुसतं बघायचे पैसे कशाला?" असंही विचारलं जातं. ब्रेक बाहेरून बघून कळत नाही. चारही चाकं उतरवतो, ड्रम उघडून भुगा काढतो, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना मोकळ्या करून त्यांना उष्णता सोसणारं ग्रीस लावतो, डिस्कची जाडी मोजतो. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते, ती तुम्हाला दाखवतो. भाग बदलला तर जुना तुमच्या हातात देतो.

महिनाभर उभी असलेली गाडी थेट समृद्धीवर काढणाऱ्यांसाठी एक विनंती. तिथे वेगमर्यादा १२० आहे, आणि ब्रेकची पहिली परीक्षा त्या वेगाला नको. निघायच्या दोन दिवस आधी गाडी आणा. आदल्या संध्याकाळी आणली आणि एखादा भाग मागवावा लागला, तर तुमचाच प्रवास अडकतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललेलं नसेल तर तेही त्याच वेळी करून देऊ. ते हवेतला ओलावा शोषतं आणि आतल्या सिलिंडरला गंज चढवतं. पोळा ते दिवाळी गर्दी असते, त्यामुळे आधी फोन करून वेळ ठरवा.