आयसीयूतल्या डोसवर अभ्यास: एथिक्स कमिटीचा अर्ज नेमका कुठे अडतो

मेरोपेनेम हे अँटिबायोटिक शिरेतून अर्ध्या तासाऐवजी तीन तास चालवून पाहायचं, व्हँकोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचा पहिला डोस वजनावर ठरवायचा, असे प्रस्ताव निवासी डॉक्टर आणि क्लिनिकल फार्मासिस्ट कळकळीने लिहितात. कल्पना बहुतेकदा चांगली असते. रुग्णांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडून अर्ज परत येतो तो वेगळ्याच कारणांनी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘औषध तर बाजारात आहेच’ असं गृहीत धरणं. नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम, २०१९ नुसार मान्यताप्राप्त औषधही नव्या मात्रेत, नव्या मार्गाने किंवा नव्या आजारासाठी दिलं तर ‘नवीन औषध’ ठरतं. म्हणून प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा) लिहायच्या आधी औषधाच्या माहितीपत्रकातला मंजूर डोस पाहा आणि त्याची प्रत अर्जाला जोडा. ही प्रत जवळजवळ कुणीच जोडत नाही.

डोस मंजूर मर्यादेबाहेर असेल, पण निष्कर्ष विक्री परवान्यासाठी वापरायचे नसतील, तर ती शैक्षणिक चाचणी. तिला एथिक्स कमिटीची मंजुरी पुरते. मात्र ती कमिटी सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेकडे, नोंदलेली हवी. फक्त आरोग्य संशोधन विभागाकडची नोंदणी इथे चालत नाही. नोंदणीपत्र मागून घ्या, मुदत तपासा. विचारायला संकोचू नका, तो तुमचा हक्क आहे.

३० दिवसांचा घोळ तर नेहमीचाच. चाचणी शैक्षणिक की नियामक (परवान्यासाठीची) अशी शंका असल्यास कमिटी केंद्रीय परवाना प्राधिकरणाला, म्हणजे देशाच्या औषध महानियंत्रकांना, कळवते. त्यांना पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्यांची परवानगी लागत नाही असं मानलं जातं. हे दिवस तुम्ही कमिटीकडे अर्ज दिल्यापासून मोजायचे नसतात, आणि ते संपले म्हणजे कमिटीची मंजुरी मिळाली असंही नाही.

अर्जासोबत प्रोटोकॉल, बायोडेटा, वैद्यक परिषदेची नोंदणी, जीसीपी (चाचण्या नीट करण्याच्या नियमांचं प्रशिक्षण) प्रमाणपत्र, विभागप्रमुखांची सही हे नेहमीचंच. फक्त जुन्या केसपेपरचं ऑडिट असलं तरी सूट द्यायची की नाही ते कमिटी ठरवते, आपण नाही.

कमिटीचं मंजुरीपत्र, मग सीटीआरआय (क्लिनिकल चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) क्रमांक, मग पहिला रुग्ण. हा क्रम उलटला की उपाय उरत नाही, कारण १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. प्रबंधाची वर्षं अशी वाया गेलेली पाहवत नाहीत.

संमतिपत्रावर थोडा जास्त वेळ द्या. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण सही करू शकत नाही. त्याच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधी करतो. या प्रतिनिधीला वाचता येत नसेल तर अंगठ्यासोबत निःपक्ष साक्षीदार हवा, तुमच्याच युनिटची सिस्टर नव्हे. रुग्ण शुद्धीवर आला की त्याची स्वतःची संमती पुन्हा घ्यायची, आणि त्यासाठीचा वेगळा मराठी फॉर्म पहिल्याच अर्जात जोडायचा. मराठीही अशी लिहा की रात्रभर बाकावर बसलेल्या रुग्णाच्या मुलाला एका वाचनात कळेल. ‘औषधगतिकीय मापदंड’ त्याला कळणार नाही. ‘औषध रक्तात किती उरतं ते पाहण्यासाठी दोनदा रक्त घेऊ’ हे कळेल.

कमिटीच्या कार्यालयांनाही विनंती: ‘अर्ज अपूर्ण’ एवढाच शेरा मारू नका. काय अपूर्ण आहे ते लिहायला एकच ओळ लागते.