पाळीपूर्व त्रास: समुपदेशन आणि व्यायाम उपचारात कसे आले

न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ मध्ये १५ स्त्रियांच्या तक्रारी नोंदवल्या. पाळीच्या सात ते दहा दिवस आधी त्यांना प्रचंड ताण आणि अस्वस्थता जाणवे. स्त्री-संप्रेरक जास्त झाल्याने हे होते, असे मानून त्यांनी तीव्र त्रासात अंडाशयांवर क्ष-किरणांचा मारासुद्धा केला. त्याच वर्षी मनोविश्लेषक कॅरन हॉर्नी यांनीही या दिवसांतल्या उदासीवर लिहिले. पुढे १९५३ मध्ये लंडनच्या कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' (पाळीपूर्व लक्षणांचा समूह) हे नाव रूढ केले. उपचारात डाल्टन यांचा भर प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकावर होता. नंतरच्या तुलनात्मक चाचण्यांत त्याचा ठोस फायदा दिसला नाही.

१९९८ च्या एका अमेरिकी प्रयोगाने चित्र बदलले. औषधाने अंडाशयांचे काम थांबवले तेव्हा बऱ्याच जणींचा त्रास ओसरला. संप्रेरके नेहमीच्या पातळीला आणताच तो परतला. असा त्रास कधीच नसलेल्या स्त्रियांवर मात्र तीच संप्रेरके देऊन परिणाम झाला नाही. म्हणजे पातळी बिघडलेली नसते, तिला मिळणारा प्रतिसाद वेगळा असतो. 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असे ऐकत आलेल्या स्त्रियांसाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे.

निदान मात्र आजही रक्त तपासून होत नाही, ते रोजच्या नोंदीवर ठरते. सलग दोन पाळीचक्रे, रोज रात्री, चिडचिड, रडू येणे, स्तन दुखणे, झोपेचा त्रास यांना १ ते ६ गुण द्यायचे (६ म्हणजे सर्वाधिक त्रास). महिनाअखेरीस आठवून भरलेली नोंद फसवते, कारण वाईट दिवसच लक्षात राहतात. पाळी संपल्यावरच्या आठवड्यातही गुण चढेच असतील, तर मूळ आजार नैराश्य किंवा चिंतेचा असू शकतो आणि उपचार बदलतात.

सीबीटी म्हणजे विचार आणि वागणे बदलण्याची समुपदेशनातली उपचारपद्धती. ब्रिटनमध्ये २००२ साली तिची तुलना फ्लुऑक्सेटीन या नैराश्यावरच्या गोळीशी झाली. गोळीने लवकर आराम पडला. वर्षभरानंतर मात्र सीबीटी घेतलेल्यांचा फायदा अधिक टिकला होता. या सत्रांत नोंदवहीच समोर ठेवतात: कोणत्या दिवशी कोणता विचार आला, त्यानंतर काय घडले, त्या दिवसांतले कोणते काम पुढे ढकलता येईल, घरच्यांना काय सांगायचे. सत्रे फक्त त्रासाच्या आठवड्यात ठेवली तर फसू शकतात, कारण तेव्हा नवे काही शिकण्याइतकी उसंत नसते.

व्यायामाचा पुरावा तुलनेने कच्चा आहे. चाचण्या लहान आहेत, आणि आपण व्यायाम करतोय हे सहभागी स्त्रीपासून लपवता येत नाही. तरीही १९९३ च्या एका तुलनेत तीन महिन्यांनंतर वजने उचलणाऱ्यांपेक्षा एरोबिक व्यायाम करणाऱ्यांची अधिक लक्षणे सुधारली. झपझप चालणे, सायकल किंवा पोहणे, आठवड्याला एकूण १५० मिनिटे, हे प्रौढांसाठीचे सर्वसाधारण प्रमाण इथेही चालते. व्यायाम महिनाभर हवा. त्रासाच्या दिवसांत वेग कमी करावा, पण खंड पाडू नये. जगणे नकोसे वाटू लागले तर व्यायामावर विसंबून न राहता लगेच मनोविकारतज्ज्ञांना भेटावे.